मेंदूने थांबवलेली पाळी

पाळी लांबली, अनियमित झाली किंवा बंदच पडली की पहिला संशय गर्भाशयावर जातो आणि दुसरा अंडाशयांवर. मूल होत नसेल तर सोनोग्राफी तिथलीच होते आणि औषधेही त्याच दिशेने सुरू होतात. हे साहजिक आहे, कारण जे घडायला हवे आणि घडत नाही, ते तिथेच घडायचे असते. पण पाळीचे वेळापत्रक ओटीपोटात ठरत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ठरते आणि गर्भाशय व अंडाशय ते पाळतात. रक्तातले प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे पाळी बिघडते तेव्हा हे लक्षात ठेवणे फार गरजेचे असते. अशा बहुतेक स्त्रियांचे गर्भाशय धडधाकट असते, अंडाशयांत बीजे शाबूत असतात, फक्त काम सुरू करा असा निरोप वरून येत नसतो. माझे म्हणणे असे की, वाढलेल्या प्रोलॅक्टिनमुळे पाळी थांबते तेव्हा शरीराचा एक जुना आणि शहाणा नियम चुकीच्या वेळी लागू झालेला असतो. म्हणून रिपोर्टवरचा आकडा खाली आणण्याआधी तो नियम कोणी लागू केला, हे शोधायला हवे. हे एकदा पटले की तपासणी कुठून सुरू करावी, औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी आपोआप मिळतात.

तो नियम आपल्या घरांमधल्या जुन्या बायकांना पुस्तकाविना ठाऊक होता. मूल अंगावर पीत असेपर्यंत पाळी येत नाही आणि दिवसही सहसा राहत नाहीत, असे त्या सांगत. या नियमाचे एक टोक प्रोलॅक्टिनच्या हाती असते. हे संप्रेरक पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथीत तयार होते. वाटाण्याएवढी ही ग्रंथी मेंदूच्या खाली, कवटीच्या तळातल्या एका छोट्या खोबणीत असते. गरोदरपणात प्रोलॅक्टिन वाढत जाते आणि नऊ महिने भरताना नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक होते. बाळंतपणानंतर बाळ प्रत्येक वेळी पिऊ लागले की त्याची पातळी पुन्हा उसळते. दूध तयार करणे हे त्याचे मुख्य काम, आणि दूध चालू असताना पुढच्या गर्भधारणेचा दरवाजा लावून ठेवणे हे त्याच्याशी जोडलेले दुसरे. कलहारी वाळवंटातल्या कुंग समाजातील आया बाळाला तासातून अनेकदा, दर वेळी अगदी थोडा वेळ पाजत. मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांनी 1980 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दोन मुलांमधले अंतर सुमारे 44 महिने आढळले, तेही कोणतेही संततिनियमन न वापरता. 1988 मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी या जुन्या अनुभवाला नेमक्या अटी घातल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, ते पूर्ण किंवा जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर हवे आणि आईची पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही अटी पाळल्या तर गर्भधारणा टळण्याची शक्यता 98 टक्क्यांहून अधिक असते. यातली एखादी अट सुटली की भरवसाही सुटतो. पाळी परत येण्याआधी बीज बाहेर पडू शकते, त्यामुळे पाळी न येताही दिवस राहू शकतात. इथे एक खुलासा हवा. स्तनपानात पाळी थांबते ती एकट्या प्रोलॅक्टिनमुळे नव्हे. बाळाच्या चोखण्याच्या संवेदनाही मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत पोचतात आणि त्याही हे काम करतात. पण प्रोलॅक्टिन एकटेही पाळी थांबवू शकते, याचा पुरावा बाळ नसलेल्या स्त्रियांनी दिला आहे.

गरोदर नसलेल्या आणि बाळंतही न झालेल्या स्त्रीच्या स्तनांतून दूध येत असेल तर तिची पाळी थांबलेली असते, हे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक वैद्यकीय सूत्रांमध्येही आहे. म्हणजे नाते दोन हजार वर्षांहून अधिक काळ दिसत होते, दुवा मात्र सापडत नव्हता. 1928 साली फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे स्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून सशांमध्ये दूध आणून दाखवले. पुढे अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी कबुतरांवर काम केले. कबुतरांत नर आणि मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत पिलांसाठी दुधासारखा पदार्थ तयार करतात आणि तो पिट्युटरीतल्या ज्या द्रव्यामुळे तयार होतो, त्याला रिडल यांनी प्रोलॅक्टिन हे नाव दिले. माणसात मात्र असे वेगळे संप्रेरक आहे की नाही, याबद्दल पुढची चार दशके शंका राहिली, कारण माणसाच्या वाढीच्या संप्रेरकातही दूध आणण्याचा गुण आहे आणि दोघांना वेगळे करणे जमत नव्हते. 1970 आणि 1971 मध्ये ते जमले. कॅनडातील हेन्री फ्रीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातले प्रोलॅक्टिन मोजण्याची खात्रीची पद्धत दिली आणि तेव्हापासून पाळी बंद झालेल्या स्त्रियांच्या रक्तात ते मोजता येऊ लागले. ज्यांच्याकडे आधी 'कारण सापडत नाही' म्हणून पाहिले जात होते, त्यांतल्या अनेकींचे कारण आता आकड्यात दिसू लागले.

प्रोलॅक्टिन का वाढते, हे कळण्यासाठी ते एरवी कमी का असते, हे आधी पाहावे लागते. पिट्युटरीतून निघणाऱ्या इतर बहुतेक संप्रेरकांना मेंदूकडून 'सोड' असा हुकूम लागतो. प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. त्याच्या पेशी मोकळ्या सोडल्या तर ते स्रवतच राहते आणि हायपोथॅलॅमस डोपामिन नावाचे द्रव्य सतत पाठवून त्याला आवरून धरतो. 1954 साली जॉन एव्हरेट यांनी उंदरांमधली पिट्युटरी तिच्या जागेवरून काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवली. मेंदूशी संबंध तुटल्यावर ग्रंथीची बाकीची कामे मंदावली, पण प्रोलॅक्टिनच्या प्रभावाच्या खुणा टिकून राहिल्या. डोपामिनचा हा लगाम लक्षात ठेवला तर पुढची बहुतेक कारणे एका सूत्रात ओवता येतात. लगाम सैल पडला, लगामाचा दोर कापला गेला, औषधाने लगाम धरू दिला नाही, किंवा प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशीच इतक्या वाढल्या की लगाम पुरेना, असे चार प्रकार होतात.

आता मधला प्रश्न. स्तनांसाठी असलेले हे संप्रेरक पाळी कशी थांबवते? हायपोथॅलॅमसमधल्या थोड्या पेशी जीएनआरएच नावाचे संप्रेरक सोडतात आणि ते सतत न झिरपता ठोक्याठोक्याने, साधारण तास-दीड तासाने येते. पीट्सबर्ग विद्यापीठात अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांमध्ये हा स्रोत बंद पाडून तेच संप्रेरक बाहेरून दिले. 1978 साली त्यांनी दाखवले की तासाला एक ठोका दिला तर पिट्युटरी पुन्हा काम करू लागते आणि तेच संप्रेरक अखंड दिले तर ती गप्प होते. म्हणजे मात्रेइतकाच ताल महत्त्वाचा. या ठोक्यांच्या तालावर पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके सोडते. त्यांच्यामुळे अंडाशयात बीज पिकते, इस्ट्रोजेन तयार होते आणि महिन्याच्या मध्यावर एलएचची मोठी लाट येऊन बीज बाहेर पडते. दवाखान्यातल्या बोलीत यालाच अंडे फुटणे म्हणतात. प्रोलॅक्टिन वाढले की ठोके विरळ आणि अशक्त होतात. ते हे काम थेट जीएनआरएचच्या पेशींवर न करता, त्यांना चालना देणाऱ्या किसपेप्टिनच्या पेशींमार्फत करते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. 2012 साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रोलॅक्टिन वाढवलेल्या उंदरांना किसपेप्टिन दिले, तेव्हा प्रोलॅक्टिन चढेच असतानाही त्यांच्यात बीज पुन्हा बाहेर पडू लागले.

प्रोलॅक्टिन अंडाशयालाच इजा करत असेल, मग सगळा दोष मेंदूच्या माथी का मारायचा, असा आक्षेप इथे घेता येतो. अंडाशयातही प्रोलॅक्टिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, आहेत आणि फार मोठ्या प्रमाणात ते तिथल्या कामात थोडा अडथळा आणते, असे मानायला जागा आहे. पण मुख्य अडथळा कुठे आहे, याचा निकाल एका साध्या प्रयोगाने लागतो. प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे पाळी बंद असलेल्या स्त्रियांना छोट्या पंपातून जीएनआरएच ठोक्याठोक्याने दिले, तर प्रोलॅक्टिन कमी न करताही बीज पिकते, बाहेर पडते आणि गर्भधारणाही होते. अंडाशय निकामी असते तर हे घडले नसते. म्हणूनच 'तुझ्या अंडाशयात दोष आहे' हे वाक्य अशा स्त्रीला ऐकवणे शास्त्राला धरून नाही, आणि 'वांझ' हा शब्द तर तिच्या बाबतीत सपशेल खोटा आहे.

ठोके एकदम बंद होत नाहीत, म्हणून लक्षणेही पायऱ्यापायऱ्यांनी येतात. प्रयोगशाळेप्रमाणे आकडा थोडा बदलतो, तरी गरोदर नसलेल्या स्त्रीत प्रोलॅक्टिन साधारणपणे मिलिलिटरला 25 नॅनोग्रॅमपर्यंत असते. ते थोडे वाढले तर पाळी दर महिन्याला येते, पण बीज बाहेर पडल्यानंतरचा चक्राचा उत्तरार्ध आखूड होतो. त्यात तयार होणारे प्रोजेस्टेरॉन अपुरे पडते आणि गर्भ रुजायला लागणारे अस्तर नीट तयार होत नाही. आणखी वाढले तर बीज काही महिने बाहेर पडते, काही महिने पडत नाही. पाळी चाळीस दिवसांवर, दोन महिन्यांवर जाते. पातळी शंभराच्या वर गेली की बहुधा पाळी बंद होते, इस्ट्रोजेन घटते आणि योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, इच्छा मंदावणे अशा तक्रारी येतात. या तक्रारी सांगायला स्त्रिया संकोचतात आणि विचारायला डॉक्टर. स्तनांतून दूध येणे हे लक्षण अनेकींत असते, पण सगळ्यांत नसते. दूध तयार व्हायला थोडे इस्ट्रोजेनही लागते, म्हणून प्रोलॅक्टिन खूप चढलेल्या आणि पाळी दीर्घकाळ बंद असलेल्या स्त्रीत ते न दिसण्याची शक्यता असते. 'दूध येत नाही, म्हणजे प्रोलॅक्टिनचा प्रश्न नाही' हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

मग नियम चुकीच्या वेळी कोण लागू करतो? पहिली शक्यता अशी की वेळ चुकीची नाहीच, स्त्री खरोखर गरोदर आहे. पाळी चुकलेल्या स्त्रीची गर्भधारणेची तपासणी सर्वांत आधी का करावी, याचे हे एक कारण. दुसरी शक्यता औषधांची, आणि आपल्याकडे तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. मळमळ आणि पोटफुगीवर दिले जाणारे डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड आणि लेव्होसल्पिराइड डोपामिनचा ग्राहक अडवतात. म्हणजे लगाम ओढला जातो, पण पेशीपर्यंत पोचत नाही. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही म्हणून ते निर्धोक मानले जाते, पण पिट्युटरी मेंदूच्या संरक्षक कुंपणाबाहेर असल्याने तिथे ते सहज पोचते. आपल्याकडे अॅसिडिटीच्या अनेक गोळ्यांत आम्ल कमी करणाऱ्या औषधाला यांपैकी एखाद्याची जोड दिलेली असते. जेवणाआधी रोज एक गोळी महिनोन् महिने घेणाऱ्या स्त्रीला ती औषध घेते आहे असे वाटतही नाही आणि डॉक्टरांनी 'काही औषध चालू आहे का' असे विचारले तर ती 'नाही' म्हणते. हा प्रश्न 'पित्तासाठी काय घेता?' असा विचारला तर उत्तर मिळते. मानसिक आजारांवरची रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अमिसल्प्राइड यांसारखी औषधेही प्रोलॅक्टिन बरेच वाढवतात. ती मात्र स्वतःहून कधीही बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून प्रोलॅक्टिन न वाढवणारे पर्याय शोधता येतात.

तिसरे कारण थायरॉइडचे. थायरॉइड मंदावले की हायपोथॅलॅमस त्याला जागे करण्यासाठी टीआरएच हे संप्रेरक अधिक सोडतो आणि टीआरएच प्रोलॅक्टिनलाही चालना देते. अशा स्त्रीला प्रोलॅक्टिन कमी करणारे औषध देणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे. तिला थायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक दिले की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक, आणि प्रोलॅक्टिन दोन्ही खाली येतात आणि पाळी बहुधा परत येते. थायरॉइड दीर्घकाळ मंद असेल तर पिट्युटरी सुजून एमआरआयमध्ये गाठीसारखी दिसते आणि तीही थायरॉक्सिनने ओसरते. मूत्रपिंडाचा जुना आजार, छातीवरची नागीण किंवा शस्त्रक्रियेची जखम हीही कारणे आहेत. छातीच्या कातडीतून जाणारे मज्जातंतू बाळ पीत असल्यासारखाच निरोप मेंदूला देतात.

चौथे कारण म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींचीच गाठ, प्रोलॅक्टिनोमा. पिट्युटरीच्या गाठींत हिचा वाटा सर्वांत मोठा. 10 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तिला मायक्रोप्रोलॅक्टिनोमा म्हणतात आणि तरुण स्त्रियांत बहुतेक गाठी अशाच लहान असतात. 'डोक्यात ट्यूमर' हे शब्द ऐकताच घर हादरते, म्हणून स्पष्ट सांगायला हवे की ही गाठ जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते आणि लहान गाठी बहुतांशी वर्षानुवर्षे तशाच राहतात. मोठी गाठ मात्र वर असलेल्या दृष्टीच्या नसांवर दाब देऊ शकते. डोकेदुखीबरोबर दोन्ही बाजूंचे, कडेचे दिसणे कमी झाले तर तपासणी पुढे ढकलू नये. गाठीचा आकार आणि प्रोलॅक्टिनचा आकडा सहसा सोबत चढतात. गाठ मोठी आणि आकडा मात्र शंभराच्या आतला, असे दिसले तर वेगळा विचार करावा लागतो. ती दुसऱ्याच प्रकारची गाठ असून पिट्युटरीच्या देठावर दाब देत असेल, म्हणजे लगामाचा दोरच चिमटला गेला असेल. कधी रक्तातले प्रोलॅक्टिन इतके प्रचंड असते की तपासणीची पद्धतच गोंधळून आकडा खोटा कमी दाखवते. तेव्हा नमुना पातळ करून पुन्हा मोजतात.

एवढी कारणे वाचल्यावर कोणी म्हणेल, 'हे सगळे टेन्शनमुळे होते, मन शांत ठेवले की पुरे.' या म्हणण्यात एक खरा अंश आहे. ताण, झोप, जोराचा व्यायाम, शरीरसंबंध, एवढेच काय सुई टोचण्याची भीतीसुद्धा प्रोलॅक्टिन तात्पुरते वाढवते. पण ही वाढ थोडी असते आणि ओसरते. म्हणून एकदा आलेल्या किंचित वाढीव आकड्यावर निदान करू नये. उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडा वेळ शांत बसून, पुन्हा रक्त द्यावे. दुसरीही एक फसवणूक होते. काही स्त्रियांच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडांना चिकटून मोठ्या रेणूच्या रूपात फिरत राहते. त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. ते ग्राहकांपर्यंत फारसे पोचत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम नगण्य, पण यंत्र ते मोजते आणि आकडा चढा येतो. आकडा वाढला पण पाळी नियमित, दूध नाही, असे असेल तर ही तपासणी मागून घ्यावी. अनेक महिने पाळी न येणे किंवा वारंवार चढा आकडा येणे, याचे खापर मात्र टेन्शनवर फोडू नये. तसे केले की खरे कारण झाकले जाते आणि आजाराचा दोष पुन्हा त्या स्त्रीच्याच स्वभावावर येतो.

याहून गंभीर आक्षेप असा की, हा निसर्गाचाच नियम आहे, काही अपाय होत नाही, मग थांबलेली पाळी थांबू द्यायला काय हरकत? आणि घरच्यांना पाळी हवीच असेल तर पाळी आणणाऱ्या गोळ्या आहेतच. पहिल्या भागाचे उत्तर हाडे देतात. पाळी थांबलेल्या स्त्रीत इस्ट्रोजेन कमी असते आणि त्याअभावी हाडांची घनता घटते. प्रोलॅक्टिन वाढलेले असूनही ज्यांची पाळी नियमित आहे, त्यांच्या हाडांची घनता सर्वसाधारण असते, असे 1988 सालच्या अभ्यासांत दिसले. म्हणजे हाडांची हानी आकड्यामुळे नव्हे, थांबलेल्या पाळीमुळे आणि तिच्यासोबत घटलेल्या इस्ट्रोजेनमुळे होते. बाळंतिणीत हा काळ काही महिन्यांचा असतो आणि नंतर हाडे सावरतात. विशीतल्या मुलीत तो पाच-सात वर्षे चालला तर उतारवयासाठी साठवायची हाडांची पुंजीच तिला जमवता येत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर पाळी आणि बीजाच्या फरकात आहे. हार्मोनच्या गोळ्या काही दिवस घेऊन थांबवल्या की अस्तर गळते आणि रक्तस्राव होतो. घरात सगळे निश्चिंत होतात. पण बीज बाहेर पडलेलेच नसते, मेंदूतला ताल तसाच विस्कटलेला असतो आणि गाठ असेल तर तीही तशीच. गोळीने आणलेली पाळी दिनदर्शिकेवरची खूण पुरी करते, तिच्या मागचे काम करत नाही. कारण न शोधता महिनोन् महिने अशा गोळ्या देत राहणे ही उपचारातली मोठी चूक आहे.

उपचार सोपा आहे, हे या आजाराचे खरे वैशिष्ट्य. लगाम सैल पडला असेल तर डोपामिनसारखेच काम करणारे औषध देऊन तो पुन्हा ताणता येतो. सत्तरच्या दशकात ब्रोमोक्रिप्टिन आले आणि नंतर कॅबर्गोलिन. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे पाळी बंद पडलेल्या 459 स्त्रियांमध्ये दोन्हींची तुलना झाली. कॅबर्गोलिन घेणाऱ्यांपैकी 83 टक्के स्त्रियांचे प्रोलॅक्टिन सामान्य झाले, ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्यांत 59 टक्के. बीज बाहेर पडू लागले किंवा गर्भधारणा झाली, अशांचे प्रमाण अनुक्रमे 72 आणि 52 टक्के होते. त्रास सहन न झाल्याने औषध सोडणाऱ्या पहिल्या गटात 3 टक्के होत्या, दुसऱ्यात 12 टक्के. कॅबर्गोलिन आठवड्यातून एकदा-दोनदा, रात्री जेवणानंतर घ्यायचे असते. सुरुवातीला मळमळ, चक्कर येऊ शकते. क्वचित स्वभावात बदल होतो, खरेदी किंवा जुगारासारखा आवेग अनावर होतो, तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवावे. पार्किन्सनच्या आजारात रोज मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपांना इजा झाल्याचे 2007 मध्ये दिसले. प्रोलॅक्टिनसाठीची आठवड्याची मात्रा त्याहून फार कमी असते, तरी मोठी मात्रा दीर्घकाळ लागल्यास हृदयाची तपासणी करतात. महत्त्वाचे म्हणजे ही औषधे गाठही आक्रसवतात. डोक्यातली गाठ शस्त्रक्रियेविना गोळीने लहान होते, अशी उदाहरणे वैद्यकात फार थोडी आहेत. बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही.

पाळी परत येण्याआधीच बीज बाहेर पडू शकते, ही मघाची बाब उपचारातही लागू होते. लगेच मूल नको असेल तर औषध सुरू करताच संततिनियमन ठरवावे. दिवस राहिले की डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सहसा थांबवतात. गरोदरपणात लहान गाठ त्रास देण्याइतकी वाढण्याचे प्रमाण शेकडा दोन-तीनच आहे. मोठ्या गाठीत ते बरेच अधिक असते, म्हणून तिथे आधी उपचार करून मगच गर्भधारणेचा विचार करतात. गरोदरपणात प्रोलॅक्टिन मोजण्यात अर्थ नसतो, कारण ते वाढायलाच हवे असते. तेव्हा लक्ष डोकेदुखी आणि दृष्टीकडे ठेवायचे.

औषध इतके गुणकारी असेल तर मूल न होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ते का देऊ नये? हा शेवटचा आणि दवाखान्यात सर्वाधिक पैसे खर्चायला लावणारा प्रश्न. कारण न सापडलेल्या वंध्यत्वात, प्रोलॅक्टिन सामान्य असलेल्या स्त्रियांना ब्रोमोक्रिप्टिन देऊन चाचण्या झाल्या आहेत. त्यांत गर्भधारणेचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. लगाम सैल नसेल तर तो अधिक ताणून काही साधत नाही. आकडा तीस-पस्तीस आहे, पाळी नियमित आहे, सोनोग्राफीत आणि प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत बीज वेळेवर बाहेर पडताना दिसते आहे, अशा स्त्रीत मूल न होण्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. नलिका मोकळ्या आहेत का, पतीचे वीर्य कसे आहे, हे पाहायलाच हवे. वीर्यतपासणीला फार खर्च येत नाही आणि वेदनाही होत नाहीत, तरी पुष्कळ घरांत तिची पाळी सगळ्यांत शेवटी येते. पीसीओएस असलेल्या काही स्त्रियांत प्रोलॅक्टिन किंचित वाढलेले दिसते, पण तेवढ्यावर दोन्हींचा संबंध जोडू नये. पीसीओएसचा उपचार वेगळा आहे आणि वाढलेल्या प्रोलॅक्टिनचे कारण स्वतंत्रपणे शोधावे लागते.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. गर्भधारणेची खात्री, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी, टीएसएच, मूत्रपिंडाची तपासणी, शांतपणे दुसऱ्यांदा घेतलेले प्रोलॅक्टिन आणि गरज असेल तरच एमआरआय, हा क्रम साधा आहे. त्यात चमत्कारिक काहीच नाही, पण तो पाळला तर अनेक स्त्रियांची निष्फळ औषधांची वर्षे वाचतात. तुमची पाळी तीन महिन्यांहून अधिक थांबली असेल, किंवा बाळ नसताना अंगावर दूध येत असेल, तर लाजू नका आणि वाट पाहत बसू नका. रिपोर्टवरच्या आकड्यापाशीच न थांबता तो का वाढला, हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. घरच्यांनीही एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जिच्या पाळीला मेंदूने थांबवले, तिचे शरीर आई होण्यास नालायक नाही. लहान प्रोलॅक्टिनोमा असलेली आईसुद्धा बाळंत झाल्यावर आपल्या बाळाला अंगावर पाजू शकते, आणि त्यामुळे तिची गाठ वाढत नाही.